विनंती थांबा

हणमंतराव पिसाळांना विमान पसंत पडलं नाही. एवढी मोठी गाडी, पण पुढच्या काचेवर पाटी नाही. कुठून आली, कुठं निघाली, व्हाया काय, कशाचा पत्ता नाही. ज्या माणसाने वाईच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं काढली, चौकशीच्या खिडकीत बसून हजारो माणसांना त्यांची गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे हे सांगितलं, आणि त्याहून जास्त माणसांना ती आत्ताच गेली हे सांगितलं, त्याला बिनपाटीच्या गाडीत बसताना कसंसंच होणार. तरी ते बसले. मुलगी पायल कोलकात्याला होती, तिकिटं तिने काढली होती, आणि सौ. वच्छलाबाई आधीच खिडकीशी जाऊन बसल्या होत्या.

तिकीट पुणे ते नागपूर आणि पुढे नागपूर ते कोलकाता असं होतं. मध्ये नागपुरात सकाळी पावणेआठपासून दुपारी दीडपर्यंत मुक्काम. "बाबा, लेओव्हर आहे," पायलने फोनवर बजावलं होतं. "मोठं सामान परस्पर पुढं जाईल. तुम्ही दोघं शांत बसून राहा. पेपर वाचा." हणमंतरावांनी 'लेओव्हर' हा शब्द वहीत लिहून घेतला आणि त्यापुढे अर्थ लिहिला, 'जेवणासाठी थांबा'. पण जेवणासाठी थांबा वीस मिनिटांचा असतो. इथे पावणेसहा तास हातात असताना माणूस पेपर वाचत बसला, तर त्याने एकतीस वर्षं काय नियंत्रण केलं, असा प्रश्न उद्या कुणीही विचारू शकतो.

तो कुणी विचारण्याआधी शेजारचे गणपतराव सल्ला द्यायला आले. गणपतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हिवाळी अधिवेशनाला साहेबांच्या फायली घेऊन ते तीनदा नागपूरला गेले होते, त्यामुळे विदर्भाविषयी त्यांचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा मानतात. "नागपूर काय, तळहातावर मावतं," गणपतराव चहा ओतत म्हणाले. "तर्री-पोहे खायचे, झिरो माइल बघायचा, रामटेक करून यायचं. रामटेक तर हाकेच्या अंतरावर! गडावर चढायचं, रामाला हात जोडायचे, की उतरायचं. पण एक ध्यानात ठेवा, तिथं बसायला जागा मिळत नाही. मी अख्खी रात्र उभ्यानं काढलीय. गेल्या गेल्या जागा धरा."

गणपतराव नागपूरला रेल्वेने गेले होते आणि ती रात्र त्यांनी रेल्वे स्टेशनावर काढली होती, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही. हणमंतरावांनी विचारलीही नाही. जाणत्या माणसाला उलटतपासणी घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

त्या रात्री हणमंतरावांनी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वेळापत्रक आखलं. आगमन ७.४५, तर्री-पोहे ८.१५, झिरो माइल ८.४५, रामटेक १०.००, परत ११.४५, संत्रा बर्फी १२.००. रकाने पट्टीने, मिनिटं लाल शाईने. वच्छलाबाईंनी भाकरी थापता थापता एकच विचारलं, "आणि धरमपेठ?"

धरमपेठेत सिंधूताई राहत होत्या. वच्छलाबाई आणि सिंधूताई वाईत एका बाकावर शिकल्या, एका घाटावर पोहल्या. वच्छलाबाईंच्या लग्नानंतर वर्षभराने सिंधूताईंना नागपूरचं स्थळ आलं आणि त्या गेल्या त्या गेल्याच. गेल्या एकोणचाळीस वर्षांत भेट म्हणून नाही. फोन व्हायचे, पण फोनवर माणूस तब्येत सांगतो आणि पाऊसपाणी विचारतो, त्यापलीकडे जात नाही.

"टाकलंय की," हणमंतराव म्हणाले आणि सगळ्यात खाली, पट्टी न लावता, पेन्सिलीने त्यांनी लिहिलं, 'धरमपेठ : विनंती थांबा.'

ज्यांनी आयुष्यात एसटीची पायरी चढली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. विनंती थांबा म्हणजे जिथे गाडी थांबलीच पाहिजे असं बंधन नाही असा थांबा. माणसाने रस्त्याकडेला उभं राहून हात करायचा. चालकाला दिसला, गाडीत जागा असली आणि वेळेत तूट नसली, तर गाडी थांबते. नाहीतर धुरळा उडवून पुढे जाते, आणि त्याबद्दल कुणालाही तक्रार करता येत नाही. वच्छलाबाईंनी तो कागद वाचला, हाताचं पीठ झटकलं आणि शेंगदाणे भाजायला घेतले.

विमान नागपूरला वेळेवर उतरलं. हणमंतरावांनी घड्याळ पाहून "ठीक" असा शेरा दिला. आता गणपतरावांच्या सल्ल्याप्रमाणे पहिलं काम जागा धरायचं. उतरलेल्या माणसांबरोबर बाहेर पडून ते थेट निघणाऱ्यांच्या दारातून तिकीट दाखवून पुन्हा आत शिरले. आत लांबच लांब दालन आणि खुर्च्यांच्या रांगा. चारच माणसं बसली होती.

"अहो, सगळ्या रिकाम्या आहेत," वच्छलाबाई म्हणाल्या.

"आत्ता आहेत. दुपारची गर्दी तू बघितलीस का?"

"आणि विमानात नंबर असतात की सीटला."

"विमानातल्या सीटला असतात. बाहेरच्या खुर्च्यांना आहेत का नंबर? दाखव!" नंबर नव्हते. या मुद्द्यावर हणमंतराव एसटीतही कधी हरले नव्हते. त्यांनी पिशवीतून पंचा काढून शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांवर अंथरला. पंच्यावर लाल दोऱ्याने 'ह. र. पिसाळ, वा. नि.' असं भरलेलं होतं, कारण आगाराच्या विश्रांतीगृहात सगळ्यांचे पंचे सारखेच दिसायचे. वरून थंड वारा सुटला होता, म्हणून पंचा उडू नये यासाठी त्यांनी पिशवीच्या तळाशी हात घालून एक जड स्टीलचा डबा काढला आणि वर ठेवला. डब्याचं झाकण सैल म्हणून त्यांनीच घरी त्याला जुन्या रेडिओची लाल वायर चौफेर गुंडाळून पीळ मारला होता. वच्छलाबाई तेवढ्यात तोंड धुवायला गेल्या होत्या. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण याच पाच मिनिटांत शिजलं.

जागा धरून झाल्यावर हणमंतरावांनी तोंड धुऊन येणाऱ्या वच्छलाबाईंना वाटेतच गाठलं आणि दोघं बाहेर निघाली, तर दारातल्या बंदूकधारी जवानाने हात आडवा केला. "अंदर आ सकते हैं, बाहर नहीं जा सकते."

"हम बाहर जाके वापस आयेंगा," हणमंतराव हिंदीत म्हणाले. "हमारा जागा पकडेला है."

जवानाने अशी सबब यापूर्वी ऐकली नसावी. त्याने विमान कंपनीचं माणूस आणायला सांगितलं. कंपनीच्या खिडकीवरच्या माणसाने अर्ज लिहायला सांगितला. अर्ज कुणाच्या नावे करायचा हे विचारायला तो आत गेला आणि चहा घेऊन परतला. शेवटी रोशनी नावाची, गळ्यात ओळखपत्र आणि हातात वॉकीटॉकी असलेली एक चटपटीत मुलगी आली आणि तिने दारावरचं जाडजूड रजिस्टर उघडलं. नऊ रकाने होते. नाव, वय, पत्ता, फोन नंबर, आणि शेवटी 'बाहेर जाण्याचे कारण'. हणमंतरावांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'नागपूर दर्शन व शक्य झाल्यास रामटेक.'

"काका, बाराच्या आत येजा बरं," रोशनी म्हणाली. "विमान कोणासाठी थांबत नसते."

हणमंतराव खूष झाले. हे वाक्य त्यांचं होतं. खिडकीतून त्यांनी ते इतक्यांदा उच्चारलं होतं, की धापा टाकत येणाऱ्या माणसाचा चेहरा पाहण्याआधीच ते तोंडातून निघायचं. पोरगी नोकरीत पुढे जाईल, असं त्यांनी वच्छलाबाईंना सांगितलं. तोवर नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

मोबाइलवर टॅक्सी बोलावली. चालकाचं नाव ताराचंद. हणमंतरावांनी फोन लावला तर पलीकडून आवाज आला, "हाव काका, येऊन राहिलो."

"आला म्हणतोय," हणमंतराव वच्छलाबाईंना म्हणाले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, टॅक्सी नाही. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "येऊन राहिलो ना काका!" हणमंतराव चिडले. "अरे, येऊन राहिलास तर येऊन कुठं राहिलास?" पलीकडून ताराचंद म्हणाला, "नाही समजलो काका. मी येऊनच राहिलो." या मुलखात 'येतो आहे'ला 'येऊन राहिलो' म्हणतात, हे वच्छलाबाईंना सिंधूताईंच्या फोनमुळे ठाऊक होतं. पण त्यांनी सांगितलं नाही. विनंती थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाने चालकाला व्याकरण शिकवायला जाऊ नये.

ताराचंद आला तो बोलतच आला. चाळिशीचा, हसरा, गाडीत पुढे बुद्धाची छोटी मूर्ती आणि मागे पाण्याच्या दोन थंड बाटल्या. हणमंतरावांनी वेळापत्रक त्याच्या हातात दिलं. त्याने ते सिग्नलला वाचलं आणि आरशातून दोघांकडे पाहिलं. "रामटेक? काका, पन्नास किलोमीटर हाये ते. तुमचं विमान कितीले हाये?"

"दीडला."

"आजच्या?"

हणमंतरावांनी या प्रश्नाला उत्तर देण्याचं नाकारलं.

तर्री-पोह्यांच्या गाडीवर माणसं रस्त्यावर उभी राहून खात होती. पोह्यांवर चण्यांचा लाल रस्सा ओतायचा, त्याचं नाव तर्री. "जास्त मारू का कमी?" गाडीवाल्याने विचारलं. त्याने हे सगळ्यांनाच विचारलं होतं, पण हणमंतरावांना त्यात सातारा जिल्ह्याचा अपमान दिसला. "मार," ते म्हणाले, "आम्ही ठेच्यावर वाढलेली माणसं." त्याने मारली. हणमंतरावांनी पहिल्या घासाला मान डोलावली, दुसऱ्याला डोळे मिटले, आणि तिसऱ्याला त्यांना जी उचकी लागली ती पुढे पाऊण तास टिकली. शिवाय एक थेंब पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर पडला आणि पसरला. वच्छलाबाईंनी कमी तर्रीचे पोहे निवांत संपवले आणि वर थोडी तर्री मागून घेतली.

झिरो माइलला पोचले तेव्हा साडेदहा होत आलेले. तिथे मात्र हणमंतरावांची उचकीसुद्धा अदबीने थांबली. देशातली अंतरं इथून मोजली म्हणतात! आयुष्यभर ज्याने किलोमीटरचे तक्ते पाठ केले, त्याला किलोमीटरचं आजोळच सापडलं. त्यांनी चपला काढल्या. दगडी खांबाला हात लावून नमस्कार केला. खांबावर चांदा, जबलपूर अशी गावं आणि त्यांची मैलांतली अंतरं कोरलेली दिसली, तेव्हा त्यांनी पेन्सिल काढून मैलांचे किलोमीटर करायला घेतले.

"काका तं हिशेबालेच बसले!" ताराचंद म्हणाला. "काकू, इथून धरमपेठ दहा मिनिटं हाये बरं. तुमचं काही काम हाये म्हणून कागदावर लिहेल हाये."

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, दहा मिनिटं म्हणतोय."

"परतीच्या वाटेवर," हणमंतराव मान वर न करता म्हणाले. "आधी जबलपूर जुळू दे. मग रामटेक."

"काहून इतकी घाई करून राहिले काका?" ताराचंदने समजावून पाहिलं. "रामटेक काही पळून नाही जाऊन राहिलं. घरच्या माणसाले भेटा आधी. रामजी तं काही नाराज होणार नाहीत."

पण वेळापत्रकात रामटेक लाल शाईत होतं आणि धरमपेठ पेन्सिलीत. गाडी रामटेककडे जाणाऱ्या कामठीच्या रस्त्याला लागली. वच्छलाबाई खिडकीतून मागे जाणारं नागपूर बघत राहिल्या.

सव्वाअकराला हणमंतरावांचा फोन वाजला. "हनमंत पिसाल बोल रहे हैं? एयरपोर्ट सिक्योरिटी. आपका नंबर रजिस्टर से मिला. यहाँ कुर्सी पर एक लावारिस डिब्बा है, तार बंधा हुआ. आपका है?"

"हमारा जागा पकडेला है," हणमंतराव अभिमानाने म्हणाले.

"कुत्ता बैठ गया है उसके सामने," पलीकडचा आवाज म्हणाला. "आप जहाँ हैं, फ़ौरन वापस आइए. और ये वा. नि. क्या है? कोई संगठन?"

फोन ठेवल्यावर हणमंतरावांना पुन्हा उचकी लागली. फोनमधला आवाज ताराचंदपर्यंत पोचला होता, त्याने गाडी वळवली. स्फोटकं शोधणारं कुत्रं एखाद्या वस्तूपुढे बसलं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. मग वच्छलाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, आत हात घातला, आणखी खोल घातला.

"डबा कुठाय?" त्या म्हणाल्या.

"तोच. पंचा उडू नये म्हणून ठेवला."

"तो सिंधूचा डबा होता."

तो डबा चाळीस वर्षांपूर्वी सिंधूताईंनीच वच्छलाबाईंच्या लग्नात दिला होता. वच्छलाबाईंनी त्यात शेंगदाण्याच्या पोळ्या भरल्या होत्या, कारण शाळेत मधल्या सुट्टीत दोघी एकीच्या डब्यातल्या पोळ्या अर्ध्या अर्ध्या खायच्या. आपला डबा आपल्याच घरी पोळ्या घेऊन आलेला पाहून सिंधू काय म्हणेल, याची त्या आठवडाभर मनाशी गंमत करत होत्या. हे सगळं त्यांनी कामठी रोडवर सांगितलं. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर हणमंतरावांना बरं वाटलं असतं, कारण रडण्यावर पाणी देता येतं.

"मुंबईवरून तासाभराच्या थांब्याचं विमान होतं," त्या म्हणाल्या. "पायलला मीच म्हटलं, नको, नागपूरवरून काढ. पैसे जास्त गेले तरी चालतील, सिंधू भेटेल. तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, आपोआप थांबतील. चाळीस वर्षं तुमच्या विनंती थांब्यावर उभी आहे मी. हात वर करून खांदा दुखला."

ताराचंदने रेडिओ बंद केला. हणमंतरावांनी खिशातलं वेळापत्रक काढलं, पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. एकतीस वर्षांत खिडकीपुढे येऊन भांडलेल्या प्रवाशांना त्यांनी ठेवणीतली उत्तरं दिली होती, त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं.

विमानतळाच्या दालनात पोचले तेव्हा बारा वाजायला पाच कमी. पिवळ्या फितीने अर्धं दालन अडवलेलं. फितीच्या अलीकडे दोनशे माणसं दाटीवाटीने उभी, पलीकडे ओसाड खुर्च्या, आणि मधोमध 'ह. र. पिसाळ, वा. नि.' या पंच्यावर विराजमान झालेला डबा. त्याच्यापुढे ते कुत्रं बसलं होतं. हवालदार साखळी ओढत होता आणि कुत्रं हलत नव्हतं.

अधिकाऱ्याने त्यांना बाजूला घेतलं. "वा. नि. मतलब?"

"वाहतूक नियंत्रक," हणमंतराव ताठ उभे राहिले. "ट्रॅफिक कंट्रोलर."

अधिकारी सावरून उभा राहिला. "एयर ट्रैफ़िक कंट्रोलर?"

"नाही. वाई आगार."

अधिकाऱ्याचा आदर आला तसा गेला. सदऱ्याच्या खिशावरचा लाल डाग त्याने बराच वेळ न्याहाळला. मग विचारलं, डब्यावर कुणा सिंधूचं नाव कोरलेलं दुर्बिणीतून दिसतं, ती कोण? ओळख पटल्याशिवाय डब्याला कुणी हात लावायचा नाही. वच्छलाबाईंनी नंबर दिला. अधिकाऱ्याने स्वतः फोन लावला, स्पीकरवर.

"कोण बोलून राहिलं?" सिंधूताईंचा आवाज दालनभर घुमला. अधिकाऱ्याने हिंदीत सांगितलं. "वच्छी? नागपुरात? पोलिसाजवळ? अवं माय! कोणता डबा? तो माह्याच हातचा हाये ना! वाईच्या भांडेवाल्यानं नाव कोरताना वच्छलामंदला च खाऊन टाकला होता, नुसतं 'वछला' कोरलं. मी भांडली होती त्याच्याशी. पाहा बरं तुम्ही, च हाये का त्याच्यात?"

अधिकाऱ्याने दुर्बीण लावली. दोनशे माणसं टाचा उंचावून बघू लागली. "च नहीं है," तो म्हणाला.

"नाहीच हाये! आता तिले कुठं जाऊ नका देऊ. मी येऊन राहिली!"

"झालं," हणमंतराव पुटपुटले, "आता ह्याही येऊन राहणार." पण सिंधूताई खरोखरच वीस मिनिटांत येऊन थडकल्या. एका पायात घरातली चप्पल, एका पायात बाहेरची, मनगटापर्यंत कणीक आणि हातात संत्र्यांची पिशवी. ओळख पटवायची म्हणून त्यांचं नाव रजिस्टरात चढवून अधिकाऱ्याने त्यांना आत घेतलं. नऊ रकान्यांपैकी एकही सिंधूताईंनी भरला नाही, त्या सरळ फितीखालून वाकून गेल्या. "वच्छे! किती वाळली वं तू!" एवढंच म्हणून त्यांनी मैत्रिणीला मिठी मारली. कणकेचे हात वच्छलाबाईंच्या नव्या साडीवर उमटले.

डबा तपासून झाला होता. वायर सोडायला हणमंतरावांनाच बोलावलं, कारण तो पीळ दुसऱ्या कुणाला सुटेना. झाकण उघडलं आणि तूप-गुळाचा वास सुटला. कुत्र्याने शेपटी हलवली. अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे एक पोळी तपासणीसाठी घेतली आणि नियमाच्या पलीकडे जाऊन दुसरीही घेतली. हवालदार कुत्र्याला काही देऊ नका म्हणाला आणि मग स्वतःच पाठमोरा होऊन उभा राहिला.

आता बघा, गणपतरावांचा सल्ला किती अचूक होता. फीत उठली नव्हती, त्यामुळे सगळ्या दालनात रिकाम्या खुर्च्या तेवढ्या फितीच्या आतच उरल्या होत्या, आणि त्यांतल्या पंचा टाकलेल्या दोन खुर्च्यांवर वच्छलाबाई आणि सिंधूताई मांडीवर डबा घेऊन बसल्या. पोळी मोडून अर्धी अर्धी. एकीने घाटाची पायरी काढली, दुसरीने गणिताच्या बाईंची नक्कल केली. हणमंतराव उभेच होते. जागा त्यांनी धरली होती, बसायला मात्र त्यांना मिळाली नाही, आणि त्यांना ते चाललं.

विमान त्यांना मिळालं, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं अर्धं लक्ष घड्याळात राहील. हणमंतरावांचं पूर्ण लक्ष घड्याळात होतं. पावणेएक. एक. मग भोंग्यातून आवाज आला, "कोलकात्याला जाणारे प्रवासी हणमंत पिसाळ आणि वच्छला पिसाळ..." उभ्या जन्मात त्यांनी भोंग्यावर दुसऱ्यांची नावं पुकारली होती, स्वतःचं पहिल्यांदा ऐकलं. नाव ऐकून माणूस दचकून मागे वळून बघतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पाठोपाठ रोशनी धावतच आली. "काका, चला! सगळे बसले. सकाळीच सांगतलं होतं ना तुम्हाले, विमान कोणासाठी थांबत नसते."

हणमंतरावांनी खुर्च्यांकडे पाहिलं. वच्छलाबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. हसता हसता पाय आपटत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला हसताना पाहिलं होतं, पण पाय आपटून हसताना पाहिलं नव्हतं. ती अशी हसते हे सिंधूताईंना माहीत होतं, आणि त्यांना नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी रोशनीपुढे हात जोडले. "विनंती," ते म्हणाले. पुढचा शब्द त्यांनी हजारो वेळा पाटीवर रंगवून घेतला होता, पण कुणाला कधी म्हटला नव्हता. "थांबा."

"काय?"

"दोन मिनिटं. माझी विनंती आहे, बाळ. थांबा."

रोशनीने घड्याळाकडे पाहिलं, त्यांच्या डाग पडलेल्या सदऱ्याकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे पाहिलं. वॉकीटॉकी तोंडाशी धरून ती म्हणाली, "हाव सर, भेटले पिसाळ. दोघं बी येऊन राहिले."

येत कुणीच नव्हतं. दोघं इथवर येऊन इथेच राहिली होती. सकाळपासून पहिल्यांदाच हणमंतरावांना त्या वाक्यात काही चूक सापडली नाही.